अकरा नंबरचा माग

विट्यात आमच्या गल्लीत झोपसुद्धा खट-खट लागते.
एका शेडमध्ये चोवीस माग,
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
दोन्ही फेऱ्यांना तेवढाच वेळ.
वीस वर्षं हे अंगात मुरलंय.
जिना चढतो तो असाच. भाकरी चावतो तीही.

बेचाळिसाव्या वर्षी गिटार घेतली,
मिरजेतून, जुनी, दिवाळीच्या बोनसात.
मालन म्हणाली, "पोराला सायकल पायजे होती."
मी म्हणालो, घेऊ.
अजून घेतलेली नाही.

अमोलिक सर बुधवारी येतात, दुपारच्या एसटीनं.
वहीत त्यांनी एक ओळ लिहिली,
दोन-दोन स्वरांच्या जोड्या, सगळ्या एका उंचीच्या.
"वाजव."
वाजवली. खट-खट, खट-खट.
"हे कापड झालं," सर म्हणाले.
"लिहिताना दोघं सारखे. वाजवताना
पहिला थोरला, दुसरा धाकटा.
थोरला ऐसपैस बसतो,
धाकट्याला बाकाच्या कडेला जागा,
तो पडता पडता पुढच्या थोरल्याच्या अंगावर जातो.
याला शफल म्हणतात."

मी विचारलं, म्हणजे दादरा?
"जवळचा. पण चुलत."
मग मात्रेचे तीन तुकडे करून दाखवले:
खाली, काही नाही, वर.
"मधला वाजवायचा नाही.
हाकलायचाही नाही.
हात नुसता त्याच्यावरून न्यायचा."

सात बुधवार गेले.
माझा मधला एकतर ओरडायचा
नाहीतर मरून पडायचा.
मोजायला लागलो की तीन व्हायचे,
मोजणं सोडलं की दोन.
मालन कांड्या भरता भरता म्हणायची,
"शेडमधनं आलासा तरी शेडमधीच हाय तुमी."

मग मार्गशीर्षातल्या एका रात्रपाळीत
अकरा नंबर बिघडला.
डावीकडचा चामड्याचा पट्टा सैल पडला,
धोटा जाताना रेंगाळायचा,
येताना मात्र पळत यायचा.
खटाऽऽक्-ट. खटाऽऽक्-ट.
बाकीचे तेवीस सरळ, आणि हा एकटा
एका पायात चप्पल घालून चालल्यागत.
तेलाचा डबा हातात तसाच राहिला.
आधी मान हलली, मग गुडघा.
कुणी सांगितलं नाही हेच ते,
पण धोटा हवेत असताना,
ना इकडं ना तिकडं,
तिथं काहीच वाजत नव्हतं
आणि तिथूनच सगळं चाललं होतं.

इलाही मिस्त्री पहाटे पाना घेऊन आला.
मी म्हणालो, राहू द्या की आजचा दिवस.
त्यानं माझ्याकडं बघितलं, मग कापडाकडं.
पोत विरळ, काठाला गाठी.
"हे घेणार कोण?"
वाद घालण्यासारखं काही नव्हतं.
पावणेसहाला चोवीसच्या चोवीस सरळ.

घरी आलो ते डोक्यावर घागर असल्यागत,
वाटेत कुणाला राम राम न करता.
तोंड न धुता गिटार घेतली.
होतं. सांडलं नव्हतं.

बुधवारी सरांना वाजवून दाखवलं.
शाबासकी नाही, काही नाही,
त्यांचा बूट तेवढा फरशीवर पडत राहिला.
थांबलो तेव्हा म्हणाले, "आता हेच हळू."
हळू केलं.
दुसऱ्याच ओळीत दोघं भाऊ
पुन्हा एका उंचीचे.
सर हसले, घड्याळ बघितलं, चारची गाडी.
दारात पायात बूट सारखा करता करता म्हणाले,
"किती झुकायचं, ते मलापण
दर गाण्याला नव्यानं विचारावं लागतं."

ते गेले.
भिंतीतून शेडचा आवाज येतच होता.
मी त्याच्यावरच बसवायला लागलो,
त्याचे दोन, माझे तीन,
त्यातला एक न वाजणारा.